एक वीत हिमरू

१

रहीमभाई आपल्याच मागाच्या खड्ड्यात मरून पडलेले सापडले, तेव्हा जाफर गेटच्या मशिदीत सूर्यास्ताची, मगरिबची अजान चालली होती आणि गल्लीत घरोघरी रोजा सोडायला खजूर हातात घेतलेला होता. रमजानचा शेवटचा आठवडा होता, मे महिन्याची भट्टी पेटली होती आणि शहराचं नाव तेव्हा अजून औरंगाबादच होतं. कारखान्यातून त्यांचा मुलगा मुनीब रक्ताळलेल्या हातांनी धावत बाहेर आला, ओट्यावर कोसळला आणि रडायला लागला. पोलिसांना एवढं पुरेसं झालं. त्याच रात्री त्याला कोठडीत टाकलं.

सहायक पोलिस निरीक्षक विशाखा खरात यांच्या टेबलावर हे प्रकरण दुसऱ्या सकाळी आलं ते शिळ्या भाकरीसारखं. "पोरगा सापडलाय. बापलेकांचं सकाळचं भांडण सगळ्या गल्लीने ऐकलंय," वरिष्ठ म्हणाले. "ईदच्या आत कागद पुरे करा, वातावरण बिघडायला नको." विशाखाबाईंना आयतं वाढलेलं ताट दिसलं की आधी त्यात खडा शोधायची खोड होती. या खोडीपायी त्यांची बदलीही झाली होती, पण खोड काही गेली नव्हती.

याह्या सेठचा हिमरूचा, वेलबुट्टीच्या उंची कापडाचा कारखाना म्हणजे एक लांबोळकं पत्र्याचं दालन. जमिनीत ओळीने खणलेले खड्डे आणि प्रत्येक खड्ड्यावर एक माग. विणकर खड्ड्यात पाय सोडून बसतो, पायांनी खालच्या पट्ट्या दाबतो आणि धोटा या हातातून त्या हातात फेकतो. धोट्याच्या पोटात सुताची कांडी असते. ती संपली की दुसरी घालायची, आणि पुन्हा फेकाफेक सुरू. रहीमभाईंचा माग शेवटचा, खिडकीजवळचा. खड्ड्याच्या दगडी काठाला रक्त वाळलेलं होतं. कानशिलाला तोच काठ लागला होता. कोणीतरी ढकलल्याशिवाय माणूस तिथे तसा आपटत नाही, एवढं दिसतच होतं.

धोटा कापडावर पडला होता. त्यातून मोतिया लोकरीचा धागा बाहेर लोंबत होता आणि त्याच्या नारिंगी पडलेल्या टोकाशी मुंग्यांची बारीक रांग लागली होती. रक्ताला आल्या असतील, असं बाईंना वाटलं. मग लक्षात आलं की रक्त खड्ड्याच्या पलीकडच्या अंगाला होतं. तिकडे एकही मुंगी नव्हती.

कारखान्याचे देखरेखदार बद्रीनाथ मागे उभे होते. मूळचे पैठणचे, स्वतःही विणकर घराण्यातले, आणि ओठाखाली तंबाखूची गोळी कायमची. ते म्हणाले, "मॅडम, किती वाजता मेला ते डागदर सांगू शकत नाय म्हणे, उन्हाळ्यानं अंग गारच पडत नाय. पण हे कापड सांगतंय बघा. ही कडेची लाल सुताची गाठ हाय ना, ती रहीमभाई दुपारची, जोहरची नमाज पढून मागावर बसले की बांधायचे. रोजची सवय. तिथून पुढं एक वीत विणलंय. एक वीत म्हंजी त्यांचं दुपारपासून मगरिबपर्यंतचं काम. सगळ्या गल्लीला ठाऊक हाय."

"म्हणजे संध्याकाळपर्यंत ते जिवंत होते."

"व्हय. आन् घरून जेवून आल्यावर, पाचच्या असरच्या नमाजपासून मी ओट्यावर बसून गठ्ठे शिवत व्हतो. आत गेला तो मुनीबच, अजानच्या जरा आधी, खजुराची पुडी घेऊन. लगेच बोंबलत बाहेर आला. दुसरं कुणी नाय."

"मागाचा आवाज येत होता?"

बद्रीनाथांनी ओट्यावरच्या भल्यामोठ्या कूलरकडे बोट दाखवलं. "याच्या घरघरीत बायकोची हाक ऐकू येत नाय, मॅडम."

कापड पोराच्या विरुद्ध साक्ष देत होतं आणि कापडाची उलटतपासणी करता येत नाही. विशाखाबाईंनी त्या विणलेल्या वीतभर पट्ट्यावर हात ठेवला. हाताला काहीतरी खटकलं, पण काय ते सांगता येईना.

२

याह्या सेठ औरंगपुऱ्यातल्या दुकानात भेटले. साठीचा, भारदस्त, पांढऱ्याशुभ्र कुडत्यातला माणूस. बाईंना पाणी मागवलं, स्वतः घेतलं नाही. "माफ करा, रोजा आहे," म्हणाले.

"रहीमभाईंशी तुमचं कसं होतं?"

"कसं म्हणजे? भाऊ होता माझा. सख्खा नाय, पण भाऊच. त्याचा हात म्हणजे माझ्या कारखान्याची आबरू होती." सेठचे डोळे भरून आले आणि ते खोटं नव्हतं, हे बाईंना नंतरही कबूल करावं लागलं.

मग ते धंद्यावर आले. अमेरिकेच्या कायद्यात म्हणे एक दार होतं. वाढत्या देशांचा ठराविक माल तिथे बिनजकातीचा आत जायचा. हातमागावरचे लोकरीचे भिंतपडदे त्यात बसत, मात्र ते हातानेच विणल्याचा सरकारी दाखला लागे. त्या दारातून सेठच्या कारखान्याचे बारा माग जगत होते. रेशमाचा हिमरू शेला कोण घेतो आता? म्हणून आडव्या धाग्याला, बाण्याला लोकर आली आणि शेल्याचा पडदा झाला.

"आणि मार्चमध्ये बातमी आली की भारताचं नाव त्या यादीतून जाणार," सेठ म्हणाले. "कधी ते कुणी सांगेना. दार लागायच्या आत शेवटचा माल पोचला पाहिजे. नाय तर तिकडचा व्यापारी घेणार नाय. म्हणून रमजानमध्येही रहीम दुपारचा बसायचा. बाकीचे जोहरनंतर घरी जातात."

"तुम्ही काल कुठे होता?"

"जोहरनंतर कारखान्यात हिशेब बघत होतो, पुढच्या खोलीत. असरला ऋतुराज डबाडे गाडी घेऊन आले. आमचा माल तेच परदेशी पाठवतात. त्यांच्यासोबत शेंद्र्याला गेलो, रोजाही तिथंच सोडला. पंचवीस माणसं होती पंगतीला."

"तुम्हाला विणता येतं, सेठ?"

"शादी झाली त्या दिवसापासून धोट्याला हात नाय लावला, मॅडम."

बोलता बोलता त्यांच्या कपाळावर घाम डवरला. समोर कूलर चालू असून हात थरथरू लागले. "माफ करा, नमाजसाठी हातपाय धुऊन, वजू करून येतो," म्हणत ते आतल्या खोलीत गेले. थोड्या वेळाने परतले तेव्हा हात शांत होते आणि आवाज पुन्हा भारदस्त. बाईंना निरोप द्यायला ते जवळ आले, तेव्हा संत्र्याचा गोडसर वास आला. अत्तर असेल, असं त्या मनाशी म्हणाल्या आणि जीपमध्ये बसल्या.

३

ऋतुराज डबाडे पस्तिशीचा, हसरा आणि घाईत असलेला. शेंद्र्याच्या बाजूला त्याची एक शेड होती. बाहेर पाटीबिटी काही नव्हती. विशाखाबाई आत शिरल्या तेव्हा कानठळ्या बसवणारा खडखडाट चालला होता. आठ यंत्रमाग होते, आणि आठहींवर रहीमभाईंच्या मागावरचीच वेलबुट्टी उतरत होती.

बाई एकेका मागापाशी थांबून ती बघत गेल्या. ऋतुराजचं हसू आपोआप मावळलं.

"थोडा माल इथला जातो," तो शेवटी म्हणाला. "हाताचं वर, यंत्राचं खाली. सगळेच करतात, मॅडम. बारा माग किती विणणार? दार बंद व्हायला आलं होतं."

"आणि दाखला?"

"दाखला याह्या सेठच्या नावाचा. आतला माल कोण उलटून बघतो?"

"रहीमभाईंनी बघितला."

ऋतुराज मान खाली घालून सांगू लागला. मुनीबला या शेडवर नोकरी पाहिजे होती. त्याच्यासाठी शब्द टाकायला रहीमभाई दोन दिवसांपूर्वी इथे आले होते. येऊन गठ्ठा उलटला, कापडाची मागची बाजू बघितली आणि तडक निघून गेले. बापलेकांचं भांडण त्यावरूनच झालं होतं. "सेठना म्हणाले, दाखला तपासायला साहेब येतील तेव्हा मी तोंड उघडणार. ज्यांनी गरिबाचा हात बघून जकात माफ केली त्यांना यंत्राचं विकायचं नाय, असं काहीतरी. पण मॅडम, मी काल असरलाच कारखान्यावर पोचलो. सेठ बाहेर तयार उभे होते. तिथून मगरिबपर्यंत ते माझ्या नजरेसमोर होते, पंगतीतले सगळे कुराणावर हात ठेवून सांगतील."

"तुम्हाला विणता येतं?"

"मला? मला शर्टाचं बटण लावता येत नाही."

माणूस लबाड होता, पण एवढं खरं बोलत होता. म्हणजे सेठला कारण होतं पण वेळ नव्हती. पोराला वेळ होती आणि भांडणही होतं. मधे ते एक वीत कापड आडवं पडलेलं. परतताना बाईंना वाटलं की वरिष्ठांचंच खरं असावं, आणि हे वाटल्याबरोबर त्यांना स्वतःचाच राग आला.

४

जैतुनबींच्या घरात गल्लीतल्या बायका बसल्या होत्या. जैतुनबी भिंतीला टेकून, कोरड्या डोळ्यांनी. नवरा मातीत आणि मुलगा गजाआड, रडायचं तरी कुणासाठी आधी?

"मुनीबनं बापावर हात नाय टाकला, बाई," त्या म्हणाल्या. "भांडला, व्हय. पण सकाळी भांडला आन् संध्याकाळी खजूर घेऊन गेला. मारायला जाणारा खजूर घेऊन जातो का?"

"याह्या सेठ कसे आहेत तुमच्याशी?"

"याह्या? याह्याचे अब्बाच ह्यांचे उस्ताद. दोघं एकाच मागावर शिकले, एका ताटात जेवले. याह्याचा हात तर ह्यांच्यापेक्षा जलद, हेच सांगायचे. पण साखरेची बीमारी लागली, त्यानं खचला तो."

विशाखाबाईंनी ते वहीत टिपून घेतलं. कोपऱ्यात मुलगी सुमय्या चरख्यावरच्या रिकाम्या कांड्यांकडे बघत बसली होती. वडिलांसाठी सूत भरायचं काम तिचं. बाईंनी तिला विचारलं, "काल तू कारखान्यात गेली होतीस?"

"हौ. जोहरनंतर भरलेल्या कांड्या द्यायला. अब्बांनी नुकती लाल गाठ बांधली होती. बसले आणि आकडी तुटली."

"कसली आकडी?"

सुमय्याने चरख्याच्या खणातून तारेची बारीक, नवी आकडी काढून दाखवली. "धोट्याला एक भोक असतं, मॅडम. कांडी आत घातली की धागा त्या भोकातून बाहेर काढावा लागतो. सगळे विणकर तोंड लावून ओढतात. श्वास ओढला की धागा फट्‌दिशी बाहेर येतो. पण रमजानमध्ये अब्बा धोट्याला तोंड नाय लावायचे. लोकर जिभेला लागते, थुंकी गिळली जाते, रोज्यात शंका नको म्हणायचे. महिनाभर या आकडीनं ओढायचे. काल ती तुटली. मला म्हणाले, दुसरी करून आण, तोवर मी तुटके धागे जोडत बसतो. मी सोनाराकडून करून आणली, पण तो नमाजला गेला होता, उशीर झाला. घरी आले तर..."

"आकडी वडिलांना दिलीच नाहीस?"

"नाय. ही काय, माझ्याकडंच आहे."

"आणि एक वीत विणायला किती कांड्या लागतात?"

"चार-पाच तरी." सुमय्या बोलता बोलता थांबली. तिने हातातल्या आकडीकडे बघितलं. "मॅडम, मग ते विणलं कुणी?"

५

दुसऱ्या दिवशी दुपारी कारखान्यात विशाखाबाईंनी तिघांना बोलावलं. याह्या सेठ, बद्रीनाथ आणि ऋतुराज. सुमय्या आईला घेऊन दाराशी उभी होती. शेवटचा माग होता तसाच ठेवला होता.

बाईंनी खिडकी उघडली आणि हात कापडाखाली घातला. लाल गाठीच्या अलीकडे हात दिसेना. गाठीच्या पलीकडे, त्या एका वीतेत, उन्हाचे ठिपके चमकले आणि बोटांच्या सावल्या दिसल्या.

"काल मला हेच खटकलं होतं," त्या म्हणाल्या. "हे कापड सैल आहे. लांबी वीतभर, पण धागे निम्मेच. घाईत विणलंय. रहीमभाई त्या दुपारी विणतच नव्हते, त्यांच्याकडे आकडी नव्हती. ते जोहरनंतर लगेच पडले. मग कोणीतरी त्यांना खड्ड्यातून बाजूला ओढलं, त्यांच्या जागी बसलं, एक वीत विणलं आणि त्यांना पुन्हा खड्ड्यात टाकलं. कशासाठी? संध्याकाळपर्यंत जिवंत होते असं वाटावं म्हणून."

बाई खड्ड्याला वळसा घालून तिघांच्या समोर आल्या.

"मुनीब अजानच्या तोंडावर आत गेला आणि लगेच बाहेर आला. त्याला वीत सोडा, बोटभरही विणता आलं नसतं. डबाडेंना माग माहीत नाही. बद्रीनाथांना विणता येतं. पण संध्याकाळी ओट्यावर तेच बसलेले. खून संध्याकाळचा ठरवून त्यांनी स्वतःच्याच गळ्यात फास का अडकवावा? ज्याची संध्याकाळ पंचवीस माणसांत गेली, त्यालाच ही खटपट करून फायदा होता."

"मॅडम, मी रोजेदार माणूस," याह्या सेठ शांतपणे म्हणाले. "शादीनंतर धोट्याला हात नाय लावला, सांगितलं तुम्हाला."

बाईंनी पिशवीतून एक रिकामा धोटा आणि भरलेली कांडी काढून त्यांच्यासमोर धरली. "मग मला एवढं दाखवा. कांडी घालून धागा कसा काढतात?"

सेठनी धोटा घेतला. हात उतारवयाचा होता, पण बोटं भराभर चालली. कांडी बसली, धागा भोकाशी आला आणि धोटा आपोआप ओठांपर्यंत गेला. तिथे तो थांबला. सेठनी बाईंकडे बघितलं आणि धोटा सावकाश खाली आणला.

"लहानपणची सवय शादीनं जात नाही," विशाखाबाई म्हणाल्या. "काल या मागावरच्या धोट्याला मुंग्या लागल्या होत्या. तंबाखूला मुंगी फिरकत नाही, म्हणून बद्रीनाथ नव्हेत. धाग्याचं टोक नारिंगी झालं होतं. भर रमजानच्या दुपारी तोंडात संत्र्याची गोळी असलेला विणकर कोण? साखर खाली गेली की तुमचे हात कापतात, सेठ. दुकानात तुम्ही आत जाऊन आलात तेव्हा मला तोच वास आला होता. इथे विणतानाही हात कापले असतील, म्हणून गोळी तोंडात टाकलीत. थुंकी त्या धाग्यात वाळली आहे आणि धागा प्रयोगशाळेत गेलाय."

याह्या सेठ खाली, मागाच्या काठावर बसले. त्यांचा भारदस्तपणा एकदम ओसरला आणि एक म्हातारा, आजारी माणूस उरला.

"डॉक्टरनं रोजा बंद केलाय," ते म्हणाले. "दोन साल झाले. कुणाला सांगितलं नाय."

दाराशी जैतुनबी बोलल्या. "बीमार माणसाला रोजा माफ आहे, याह्या. लपवायचं काय होतं त्यात?"

सेठनी त्यांच्याकडे बघायचं टाळलं. "मी त्याच्या पाया पडलो, भाभी. म्हटलं, एवढा एक माल जाऊ दे, मग बोल. बारा घरं आहेत. तो म्हणाला, याह्या, तुझ्या अब्बांनी आपल्याला हे नाय शिकवलं. अब्बांचं नाव काढलं आणि मला काय झालं माहीत नाय. मी ढकललं. तो काठावर पडला. मला वाटलं, गेला."

"वाटलं?" विशाखाबाईंनी विचारलं. डॉक्टरांचा अहवाल त्यांनी सकाळीच वाचला होता. तो वाचल्यापासून त्यांना चहा गेला नव्हता.

सेठचा आवाज जेमतेम ऐकू आला. "तिसरी कांडी लावताना त्याचा श्वास ऐकू आला. लई बारीक."

"आणि तुम्ही काय केलंत?"

"विणत राहिलो."

६

भारताचं नाव यादीतून जायची तारीख जाहीर झाली ती पाच जून. त्याच दिवशी ईद आली. पण जाफर गेटच्या कारखान्याला त्या तारखेशी देणंघेणं उरलं नव्हतं. मुंबईच्या गोदीत गठ्ठे फोडले गेले, दाखला आधीच रद्द झाला होता आणि बाराच्या बारा मागांना कुलूप लागायचं होतं. गल्लीत दोन तोंडं झाली. मुनीब सुटला म्हणून काही जण गळाभेट घेत होते, आणि काही जण जैतुनबींच्या दारावरून मान फिरवून जात होते. त्यांचंही चूक म्हणता येत नव्हतं. चूल त्यांचीही विझली होती.

विशाखाबाई ईदच्या दुपारी कारखान्यात आल्या त्या मागावरचं कापड ताब्यात घ्यायला. मुनीब, सुमय्या आणि जैतुनबी हजर होते. कापड कापलं की सगळे उभे धागे, ताणे सैल पडतात, माग पुन्हा भरावा लागतो, आणि हा माग आता कोणी भरणार नव्हतं.

"पुरावा म्हणून मला फक्त ती वीत लागेल," बाई म्हणाल्या.

सुमय्याने कात्री घेतली. लाल गाठीवर बोट ठेवलं. "इथून पलीकडं तुमचं, मॅडम. अलीकडं अब्बांचं." तिने एका दमात कापलं. ताणलेले धागे सुटले, माग कुरकुरला आणि लुळा पडला.

जैतुनबींनी ती सैल वीत हातात घेतली, अंगठ्याने चाचपली. "एवढं वाईट तर याह्या शिकत होता तेव्हाबी नाय विणायचा," त्या म्हणाल्या, आणि नवरा गेल्यापासून पहिल्यांदाच रडल्या. कुणासाठी ते विशाखाबाईंनी विचारलं नाही. त्यांनी वीत पाकिटात घातली आणि पाकीट बंद केलं.

मुनीबने वडिलांचं कापड मागावरून उलगडून काढलं. नोकरीसाठी तो या कापडावरून वडिलांशी भांडला होता, यंत्र चांगलं म्हणाला होता. त्याने ते दोन्ही हातांनी खिडकीच्या उन्हात ताणून धरलं आणि बराच वेळ बघत राहिला. बाहेर जूनचं कडक ऊन होतं. कापडातून त्याचा एक ठिपकाही आत येत नव्हता.